मूल सहा वर्षांचं आहे, म्हणूनच जबाबदारी शाळेची

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिलीतला सहा वर्षांचा मुलगा तीन महिने मारतोय, लाथा घालतोय, गेल्या आठवड्यात तुमच्या मनगटाला कडकडून चावला, परवा खुर्ची फेकली. मुख्याध्यापकांकडे गेलात तर उत्तर मिळालं, "एवढंसं लेकरू आहे ते, तुम्हाला हाताळता यायला हवं." आणि आता तुम्ही विचारताय, यात शाळेची काही जबाबदारी आहे की मीच कमी पडतेय?

तुम्ही कमी पडत नाही आहात. हे आधी सांगते, कारण असं कुणी सांगितलं नाही की माणूस आतल्या आत स्वतःलाच खात बसतो.

आता मनगट. कातडी फाटून रक्त आलं असेल तर दुखणं अंगावर काढू नका. माणसाच्या चाव्यातून जंतू खोल जातात आणि हाताला झालेली अशी जखम लवकर चिघळते. डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि कावीळ 'ब'ची लस याबद्दल विचारा. त्यांच्या कागदावर 'शाळेत विद्यार्थ्याने चावा घेतल्यामुळे' असं स्पष्ट लिहून घ्या.

मी २७ वर्षं शाळेत काढली, त्यातली शेवटची ९ मुख्याध्यापिका म्हणून. शिकवायला लागून तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हा दुसरीतल्या एका मुलाने पाण्याची स्टीलची बाटली माझ्या गालावर मारली. दात हलला. वरिष्ठांनी बर्फ दिला आणि म्हणाले, "घरी सांगू नका, उगाच बोभाटा होईल." उरलेले दोन तास मी रुमाल गालाला लावून शिकवलं. समोर तोच मुलगा बसला होता, माझ्याइतकाच घाबरलेला. त्या दिवशी आमच्या दोघांकडेही कुणी पाहिलं नाही. आणि पुढे मी स्वतः मुख्याध्यापिका झाले तेव्हा पहिल्याच वर्षी एका तरुण शिक्षिकेला म्हणाले, "थोडं प्रेमाने घे." तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून हे उत्तर जरा लांबणार.

मूल लहान आहे हे खरंच आहे. सहा वर्षांच्या मुलाला कुणी गुन्हेगार ठरवू नये. पण त्याला दोष देता येत नाही म्हणून तो दोष बाईंच्या अंगावर ढकलायचा, हे कुठलं गणित? मूल जितकं लहान, तितकी आजूबाजूच्या मोठ्यांवरची जबाबदारी वाढते. वर्गात जास्तीचं माणूस देणं, पालकांना बोलावणं, तज्ज्ञ आणणं, वेळापत्रक बदलणं, यातलं काहीही शिक्षिकेच्या हातात नसतं. ज्याच्या हातात अधिकार, त्याच्याच गळ्यात जबाबदारी.

"सगळीच मुलं मारतात" हेही तुम्हाला ऐकवतील. अर्धं खरं आहे. रिचर्ड ट्रेम्ब्ले या कॅनडातल्या संशोधकाने मुलांच्या आक्रमकपणाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. मारणं, चावणं, ढकलणं सगळ्यात जास्त दिसतं ते दोन ते चार वर्षांच्या आसपास. मग भाषा येते, राग आवरायला मूल शिकतं, आणि बहुतेकांचं ते कमी होत जातं. थोड्या मुलांचं होत नाही. म्हणजे सहाव्या वर्षी आठवड्यातून तीनदा मोठ्या माणसाला जखमी करणारं मूल 'सगळ्यांसारखं' नाही, त्याला मदत हवी आहे. बोलण्यातली अडचण, ऐकू कमी येणं, झोप न होणं, घरातली मारहाण, स्वमग्नता, मोठा धक्का, कारण काहीही असू शकतं. "लहान आहे" म्हणून विषय मिटवणारी शाळा त्या मुलावरही अन्याय करते.

या सगळ्याचं टोक कुठवर जाऊ शकतं ते अमेरिकेतल्या एका घटनेत दिसलं. ६ जानेवारी २०२३, व्हर्जिनिया राज्यातलं न्यूपोर्ट न्यूज शहर, रिचनेक प्राथमिक शाळा. पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने घरून आणलेल्या पिस्तुलाने आपल्या शिक्षिका ॲबी झ्वर्नर यांच्यावर वर्गात गोळी झाडली. गोळी हातातून आरपार जाऊन छातीत शिरली. त्या वाचल्या. पण माझ्या मनातून जात नाही ती त्याआधीची हकीकत. दोनच दिवसांपूर्वी त्याने बाईंचा फोन आपटून फोडला होता. त्याबद्दल एक दिवसाचं निलंबन झालं, आणि तो परत आला तो त्याच वर्गात, त्याच बाईंपुढे. त्या दिवशी एकापेक्षा जास्त शिक्षकांनी कार्यालयाला सावध केलं होतं. दप्तर तपासलं गेलं, पण मुलाची झडती घेऊ का असं विचारल्यावर थांबायला सांगितलं गेलं. झ्वर्नर यांनी दावा लावला. शिक्षिकेच्या नोकरीतली ही जोखीमच आहे, कामगार भरपाई घ्या आणि गप्प बसा, अशा आशयाचा बचाव झाला, पण खटला पुढे चालला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्यूरीने तत्कालीन उपमुख्याध्यापिकेला बेपर्वाईबद्दल जबाबदार धरून १ कोटी डॉलर भरपाई ठरवली.

तुमच्याकडे पिस्तूल नाही, खुर्ची आहे. पण प्रश्न तोच आहे: धोका कळवला होता का, कुणाला, केव्हा, आणि कळल्यावर त्यांनी काय केलं? एकदा इजा झाली तर तो अपघात असू शकतो. तीच गोष्ट पाचव्यांदा होते तेव्हा ती आधी दिसत असते, आणि दिसणारा धोका टाळण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे नोकरी देणाऱ्याचं काम आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ चा करार क्रमांक १९० कामाच्या ठिकाणच्या हिंसेबद्दल आहे. त्यात बाहेरच्या, त्रयस्थ व्यक्तींकडून होणारी हिंसाही विचारात घ्यायला सांगितली आहे, आणि धोके ओळखताना कामगारांना सोबत घ्या असंही. तो स्वीकारलेल्या देशांनाच बांधतो, तुमच्या देशाचे नियम वेगळे असू शकतात, पण तुमची मागणी अवास्तव नाही एवढं त्यावरून नक्की कळतं. बालहक्क करार, १९८९, शाळेची शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी असं सांगतो. या दोन्हींत मला कधी भांडण दिसलं नाही. बाई सुरक्षित असतील तरच त्या शांत राहू शकतात, आणि त्या शांत राहिल्या तर मूल शांत होण्याची शक्यता.

आता नोंदी. मुख्याध्यापकांना तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. प्रत्येक प्रसंग त्याच दिवशी लिहा: वेळ, जागा, आधी काय चाललं होतं, मुलाने नेमकं काय केलं, त्यानंतर मोठ्यांनी काय केलं, इजा, कोण हजर होतं. 'हिंसक', 'बिघडलेला' असे शब्द नकोत. 'उजव्या पायाने नडगीवर दोन लाथा' असं लिहा. याचा फायदा फक्त कागदोपत्री नाही. माझ्या शाळेत एका मुलाच्या तीन आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. शिक्षिका आणि मी त्या टेबलावर पसरून बसलो, तर नऊ नोंदी चालू काम मध्येच थांबवून दुसरं सुरू करताना झालेल्या. चित्र काढतोय आणि "वह्या मिटा" म्हटलं की स्फोट. मग पाच मिनिटं आधी त्याच्या टेबलावर एक लाल पुठ्ठा ठेवायचा, अर्धवट चित्रासाठी स्वतंत्र फाइल, आणि वह्या गोळा करायचं काम त्यालाच. मारणं एका दिवसात थांबलं नाही. महिन्याभरात आठवड्याला एकावर आलं. यासाठी एक तास मोकळा हवा होता, तो मी दिला. तो देणं माझं काम होतं.

शाळेकडून निदान एवढं मागा. मदत लागली तर एका मिनिटात पोचणारं एक ठरलेलं मोठं माणूस, आणि ते रजेवर असेल तर दुसरं कोण. बोलावण्याची ठरलेली खूण, मग ती बेल असो, फोन असो वा शेजारच्या वर्गात चिठ्ठी घेऊन जाणारं मूल. मुलगा अनावर झाला की त्याला फरफटत बाहेर नेण्यापेक्षा बाकी मुलांना ठरलेल्या खोलीत नेणं बहुधा सोपं आणि सुरक्षित असतं. त्याचा एकदा खेळासारखा सराव करून घ्या, मुलं घाबरत नाहीत. धरून ठेवावंच लागलं तर ते प्रशिक्षण घेतलेल्याने, कमीत कमी वेळ, तेही कुणाला इजा होणार असेल तेव्हाच. पालथं दाबून धरणं कधीही नाही, श्वास कोंडून जिवावर बेतू शकतं. चावलं की आपण झटक्याने हात ओढतो आणि कातडी फाटते. हात त्याच्या तोंडाकडे हलकेच दाबून धरला तर पकड सुटते. केस धरले तर त्याची मूठ आपल्या डोक्याशी दाबून धरायची. अशा साध्या गोष्टी मला कुणी शिकवल्या नव्हत्या.

निलंबन? एवढ्या लहान मुलासाठी नुसतं निलंबन म्हणजे एक दिवस शांतता. परत येईल त्या सकाळी काय बदललेलं असेल, हे विचारा. पालकांना तक्रार ऐकवायला बोलावू नका. घरी तो कशाने शांत होतो, ते विचारायला बोलवा. त्या बैठकीला मुख्याध्यापक हजर हवेत, तुम्ही एकट्या नकोत.

आता पत्र लिहा. एक पान पुरे. तारखांसह प्रसंग, डॉक्टरांच्या कागदाची प्रत आणि शेवटी तीनच मागण्या: मदतीचं ठरलेलं माणूस, मुलासाठी लेखी योजना, आणि सात दिवसांत बैठक. पोच घ्या, मेलवरही पाठवा. बैठकीला एक सहकारी सोबत न्या. संघटना असेल तर तिलाही कळवा. आणि त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांना चार ओळींचा मेल करा: "आज आपण असं ठरवलं, यातलं काही चुकलं असेल तर कळवावं." कुणी उत्तर दिलं नाही तरी तो मेल राहतो. बैठकीत काय झालं ते इथे येऊन सांगा, पत्राचा मसुदा दाखवायचा असेल तर आधी दाखवा, मी वाचेन.