विमा संपलेली गाडी: चलान किती, आणि खरा धोका कुठे

पॉलिसी संपून तीन आठवडे झालेत, गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर निघते, तर पकडलं गेल्यास किती भरावे लागतील, असं तुम्ही विचारलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम १९६ पाहा: पहिल्यांदा २,००० रुपये, पुन्हा सापडलात तर ४,०००. तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. गाडी मित्राला चालवायला दिलीत तरी मालक म्हणून तुम्ही सुटत नाही.

मला मात्र चलानाची फारशी काळजी वाटत नाही. समजा, त्या दोन फेऱ्यांपैकी एकीत तुमच्या चुकीने कुणाचा जीव गेला. माणूस ३२ वर्षांचा, स्वतःचा व्यवसाय, महिना ३०,००० कमाई, घरी बायको आणि दोन मुलं. अपघाताची भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण वर्षाचे ३.६० लाख धरतं, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवतं, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करतं आणि वयानुसार १६ ने गुणतं. झाले ५३.७६ लाख; व्याज आणि इतर रकमा वेगळ्या. थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा विमा, असता तर मृत्यू-दुखापतीची ही भरपाई कंपनीने दिली असती, तिला वरची मर्यादा नाही. विमा नाही म्हणजे सगळं तुमच्या खिशातून, आणि नाही भरलंत तर कलम १७४ नुसार जिल्हाधिकारी शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली करतात.

आधी एक तपासा. गाडी नवी घेऊन तीन वर्षं व्हायची असतील तर थर्ड पार्टी कदाचित अजून चालू असेल. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला ती तीन वर्षांची घ्यावीच लागते. संपलेला भाग फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा असू शकतो.

तसं नसेल तर आजच थर्ड पार्टी घ्या, त्याला सहसा गाडीची तपासणी लागत नाही. फुल इन्शुरन्सला लागते, फोटो-व्हिडिओ मागतात. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पॉलिसी संपल्यावर ९० दिवस टिकतो, म्हणजे तुमचा अजून शाबूत आहे. याच ९० दिवसांना लोक 'ग्रेस' समजून बिनधास्त गाडी फिरवतात. ती सवलत बोनसपुरती आहे, त्या काळात अपघात झाला तर कंपनी एक रुपयाही देणार नाही.

आणि नवी पॉलिसी हातात आली की तिच्यावरची सुरू होण्याची तारीख आणि वेळ दोन्ही वाचा. पुष्कळदा ती मध्यरात्रीपासून लागू होते. तोवर किल्ली खुंटीलाच राहू द्या.