गणकाचं स्त्रीलिंग काय?

एका अनुवादक ताईंनी विचारलंय: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारच्या विमानसंशोधन प्रयोगशाळेत आकडेमोडीसाठी कृष्णवर्णीय बायका नेमल्या होत्या. त्यांच्या हुद्द्याचं नाव 'कंप्युटर'. मराठीत त्यांना काय म्हणायचं? 'संगणक' लिहिलं की यंत्र डोळ्यांपुढे येतं, आणि 'गणक'चं स्त्रीलिंग करायला जावं तर 'गणिका' होतं.

गणिकेची अडचण आधी घेते. लेखक-लेखिका, शिक्षक-शिक्षिका, परिचारक-परिचारिका या चालीनं गणक-गणिका व्याकरणात बिनचूक बसतं. पण आपल्या अभंगांत अजामेळाच्या जोडीला येते ती गणिका, आणि कान्होपात्रेची आई शामा ही मंगळवेढ्याची गणिका. शतकानुशतकांची ही ओळख पुसून तिथे गणित करणारी बाई बसवता येणार नाही. 'गणकी' करावं तर संस्कृत कोशात तिचा अर्थ गणकाची, म्हणजे ज्योतिषाची बायको. स्वतः हिशेब मांडणाऱ्या बाईसाठी शब्दानं जागाच ठेवलेली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तरी मार्ग सोपा आहे. स्त्रीलिंग करूच नका, 'गणक' तसाच ठेवा. माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. १९९१च्या जनगणनेत तिला काम लागलं, तेव्हा तिच्या ओळखपत्रावर 'प्रगणक' असंच लिहिलं होतं. 'मावशी प्रगणक होती' हे वाक्य घरात कुणालाच खटकलं नाही, कारण बाई की पुरुष ते क्रियापद सांगतं. डॉक्टर, वकील, तलाठी हे शब्दही असेच चालतात. म्हणून 'ती गणक होती', 'त्या गणक म्हणून रुजू झाल्या' असं बिनधास्त लिहा.

'मानवी संगणक' मात्र टाळा. शकुंतलादेवींमुळे मराठीत त्या शब्दाला क्षणात तोंडी उत्तर देण्याच्या चमत्काराचा अर्थ चिकटलाय, आणि या बायकांचं काम तसं नव्हतं. ती रोजची, डोळे दुखवणारी मेहनत होती. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनजवळच्या लँगली प्रयोगशाळेत विमानाच्या प्रतिकृतीवर बोगद्यातून वारा सोडत. प्रतिकृतीवर ठिकठिकाणी पडणारा दाब काचेच्या नळ्यांमधल्या द्रवाच्या उंचीवरून कळे, आणि त्या नळ्यांचे फोटो घेतलेले असत. गणक बाईनं फोटोतली एकेक नळी वाचायची, आकडा तक्त्यात उतरवायचा, टेबलावरच्या हिशेबाच्या यंत्रावर गुणाकार-भागाकार करत रकाना रकाना पुढे जायचं आणि शेवटी आलेख काढून इंजिनिअरच्या हाती द्यायचा. शिवाय १९४३ साली 'कंप्युटर' म्हटलं की माणूसच समजत. तेव्हा त्याला 'मानवी' हे विशेषण लावणं म्हणजे नंतर आलेल्या यंत्राची सावली मागे ओढणं.

आता ताईंनी ओझरता विचारलेला, पण मला जास्त महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. तिथल्या कँटीनमध्ये मागच्या एका टेबलावर 'कलर्ड कंप्युटर्स' अशी पाटी असे. तिचं भाषांतर 'रंगीत संगणक' होऊच शकत नाही, हे सांगायला नको. पण 'कृष्णवर्णीय गणक' हेही मला पटत नाही. 'कृष्णवर्णीय' हा आपला आजचा, आदर राखणारा शब्द आहे. पाटीतला 'कलर्ड' त्यांना गोऱ्यांपासून वेगळं बसवण्यासाठी होता. निवेदनात 'कृष्णवर्णीय' लिहा, पाटीवर मात्र 'कलर्ड'च ठेवा आणि अर्थ एकदा ओघात सांगा. स्वच्छतागृहावरच्या 'कलर्ड गर्ल्स'चंही तेच. तिथे 'महिला' लिहून सभ्य करू नका. या गणकांपैकीच एक, डोरोथी व्हॉन, तिथे लागल्या तेव्हा तेहेतीस वर्षांच्या होत्या, पदरी मुलं होती, आणि आधी फार्मव्हिलच्या शाळेत गणित शिकवत होत्या. त्यांना 'गर्ल' म्हणण्यातला कमीपणा वाचकाला लागायलाच हवा.

मिरियम मॅन नावाच्या गणकानं ती कँटीनमधली पाटी एक दिवस उचलून पर्समध्ये घातली. काही दिवसांनी नवी पाटी आली, तीही गेली. असं होत होत शेवटी पाटी यायची बंद झाली. हा प्रसंग तुमच्या मजकुरात असेल तर तिथे क्रियापदं साधी ठेवा: उचलली, पर्समध्ये घातली. 'निषेध नोंदवला' असं मध्ये घुसवू नका.

ही दारं उघडली कशी, तेही दोन वाक्यांत द्या, नाहीतर पाटी कळत नाही. कृष्णवर्णीय कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा २५ जून १९४१ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ८८०२ क्रमांकाचा आदेश काढून सरकारी आणि युद्धसामग्रीच्या कामात वर्णभेदाला बंदी घातली. त्यामुळे नोकरी मिळाली, पण व्हर्जिनियाचे वेगळं ठेवण्याचे कायदे जागेवरच होते. म्हणून या बायकांचा विभागही वेगळा, प्रयोगशाळेच्या पश्चिम भागातला.

हुद्द्याच्या नावाबद्दल आणखी एक. व्हॉन यांच्या नेमणूकपत्रात 'मॅथेमॅटिशियन' असं होतं, आणि नोकरी युद्ध संपेपर्यंत व त्यानंतर फार तर सहा महिने. कागदावर गणितज्ञ, टेबलावर 'कलर्ड कंप्युटर'. हे दोन शब्द मराठीत एक करू नका. बहुतेक गणक बायकांना तर कागदावरही 'सबप्रोफेशनल' श्रेणी मिळे, आणि तीच पदवी घेतलेला पुरुष वरच्या श्रेणीत लागे. 'सबप्रोफेशनल'ला 'दुय्यम श्रेणी' म्हटलं तर आपल्या सरकारी कचेऱ्या पाहिलेल्या वाचकाला लगेच समजेल.

सहा महिन्यांच्या त्या अटीनंतरही व्हॉन टिकल्या. १९४९पासून पश्चिम विभाग त्यांच्या हाती आला, आणि १९५८मध्ये वेगळे विभागच मोडीत निघाले. तोवर 'कंप्युटर' हा शब्द बायकांकडून यंत्रांकडे सरकला होता, आणि व्हॉन त्या यंत्रांसाठी फोरट्रॅन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा शिकल्या. तुमच्या मजकुरातही तिथपासून पुढे 'संगणक' लिहा. फक्त त्याच्या आधी, बायकांच्या बाबतीत, एकदाही नको.