ठेव मोडू नका, पण मुलाला अडवूही नका

प्रश्न : माझा मुलगा साहित्यात एम.ए. करतो आहे. फक्त विज्ञानकथा आणि अद्भुतकथा काढणारी छोटी प्रकाशनसंस्था सुरू करायची म्हणतो. त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी आम्ही ठेवलेली ठेव त्याला भांडवल म्हणून हवी आहे. यात खरंच करिअर होतं का? – एक आई

उत्तर : ताई, होतं. मात्र पहिली काही वर्षं त्यावर घर चालेल असं धरू नका. या क्षेत्रातले अनेक छोटे प्रकाशक दुसरी नोकरी सांभाळून पुस्तकं काढतात.

मुलाची ओढ खुळी नाही. १९३९ साली अमेरिकेत ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्रेई यांनी आपले दिवंगत स्नेही, भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथांचा संग्रह काढायचं ठरवलं. मोठे प्रकाशक तयार होईनात, म्हणून दोघांनी ‘अर्कम हाउस’ ही स्वतःची संस्था काढली. पहिल्या पुस्तकाच्या १,२६८ प्रती छापल्या आणि त्या खपायला काही वर्षं लागली. आज लव्हक्राफ्ट जगभर वाचले जातात, पण मधल्या काळात छपाईचा खर्च कुणालातरी सोसावाच लागला.

१९४८ साली अमेरिकेतच सुरू झालेल्या ‘नोम प्रेस’ या विज्ञानकथांच्या छोट्या प्रकाशनसंस्थेचं उदाहरण तर त्याला आवर्जून सांगा. विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह यांच्या गाजलेल्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या या संस्थेच्या. निवड अचूक होती. पण लेखकांची रॉयल्टी थकत गेली. मोठे प्रकाशक या साहित्यात उतरल्यावर लेखक तिकडे वळले आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला संस्था बंद पडली. मला काळजी वाटते ती याच गोष्टीची. चांगली कथा ओळखणारे वाचक पुष्कळ असतात, हिशेब चोख ठेवणारे प्रकाशक थोडे.

ऑफसेटवर, म्हणजे एकगठ्ठा छपाईच्या यंत्रावर, जास्त प्रती छापल्या की एका प्रतीचा खर्च उतरतो. या मोहात नवा प्रकाशक भरमसाट छापतो. मग वितरक आणि दुकानदार मिळून छापील किमतीचा मोठा हिस्सा, कधी निम्मासुद्धा, घेतात. न खपलेल्या प्रती काही महिन्यांनी परत येतात, कोपरे दुमडलेल्या. त्या आधीच विकल्या गेल्या असं समजून पैसे खर्च केले, की पहिली कात्री लेखकाच्या मानधनाला लागते. मागणीनुसार छपाईत, म्हणजे मागणी येईल तेवढ्याच प्रती छापल्या तर, प्रत महाग पडते, पण गठ्ठे साचत नाहीत. सुरुवातीला मी तोच मार्ग सुचवेन.

संपादनाचं काम त्याला आवडेल, आणि ते अवघडही आहे. कल्पित जगाचे नियम लेखक स्वतःच विसरतो. पहिल्या प्रकरणात आकाशात दोन चंद्र, नवव्यात अमावास्येचा काळोख. मग दुसरा चंद्र कुठे गेला? अशा जगासाठी संपादकाला वेगळी वही ठेवावी लागते : नावांचं लेखन, अंतरं, कालगणना, कोणाला कोणती विद्या येते. नुसतं मुद्रितशोधन, म्हणजे छपाईतल्या चुका काढणं, येऊन इथे भागत नाही. ही नजर कुठल्याही पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

म्हणून सध्या ठेव तशीच राहू द्या. एम.ए. पूर्ण होऊ दे. त्यानंतर एखाद्या प्रकाशनसंस्थेत त्याने दोनेक वर्षं काम करावं, तेही शक्यतो संपादनाबरोबर वितरण आणि हिशेब बघायला मिळतील अशा जागी. करार वाचायला तिथेच शिकता येईल : हक्क किती वर्षांचे, अनुवादाचे आणि ई-बुकचे हक्क कोणाकडे, पुस्तक छापून उपलब्ध नसेल तर हे हक्क लेखकाकडे कधी परत जातात.

तोवर स्वतःच्या कमाईतून चार-पाच कथांचा एक छोटा संग्रह त्याने जरूर काढावा. प्रत्येक लेखकाशी लेखी करार, मानधन ठरल्या तारखेला, मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराचंही. वर्षभरानंतर त्या संग्रहाचा जमाखर्च त्याने तुमच्यासमोर ठेवावा : किती छापल्या, किती विकल्या, किती परत आल्या, कोणाचं देणं राहिलं. तोटा झाला असला तरी चालेल, देणं मात्र राहिलेलं नसावं. तसा कागद त्याने दाखवला, तर भांडवलाचा विषय पुन्हा काढायला माझी काहीच हरकत नाही.