बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून वसईजवळच्या तुंगारेश्वर अभयारण्यात जायची बिबट्यांची वाट रस्त्यांमुळे बंद होतेय का?

पुरती बंद नाही, पण चिंचोळी होत चालली आहे. पार्क सुमारे 104 चौरस किलोमीटर. तीन बाजूंनी इमारती, मोकळीक फक्त उत्तरेला. तिथेही आधी घोडबंदर रोड, पुढे वसईची खाडी, मग दिवा-वसई रेल्वे आणि चिंचोटी-भिवंडी रस्ता.

वाट खरी आहे, याचा पुरावा म्हणजे ‘आजोबा’. 2009 मध्ये रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला हा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालून थेट बोरिवलीच्या जंगलात आला. 2011 मध्ये वाहनाच्या धडकेत गेला. सगळं पार करून शेवटी रस्त्यानेच घात केला.

रात्री घोडबंदरच्या त्या जंगलपट्ट्यातून गाडी घेऊन जा, म्हणजे कळेल. कंटेनरची रांग तुटत नाही, अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) डोळ्यांत मारलेला. प्रकाशाने दिपलेलं जनावर जागच्या जागी थिजतं, आणि मधल्या उंच दुभाजकावरून पिल्लाला उडी जमत नाही.

उपाय आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पात NH-44 हा हायवे ठिकठिकाणी खांबांवर उचललाय, खाली प्राण्यांसाठी मोकळी सोडलेली एक जागा तर 750 मीटर लांब. वर आवाज-उजेड अडवणाऱ्या भिंती, खाली साधी माती. वाघ बिनधास्त ये-जा करताना कॅमेऱ्यात सापडलेत. आपल्याकडे मात्र पावसाच्या पाण्याची मोरी दाखवून ‘प्राण्यांची सोय’ म्हणतात! मोरीत गुडघाभर पाणी आणि कचरा. कुत्रंही शिरत नाही. आणि पूल बांधला तरी पलीकडच्या तोंडाशी टॉवर उभा राहिला, तर बिबट्याने उतरायचं कुठे, पार्किंगमध्ये?