त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन आणि गणिती प्रारूप

प्रश्न : मी सोलापुरात औषधनिर्माणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. मधुमेही केलेल्या पांढऱ्या उंदरांमध्ये त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन कसे शोषले जाते, याचे प्रारूप मी मांडत आहे. रक्तातील पातळी उतरतानाच्या रेषेवरून अर्धायुकाल (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) तासाच्या आसपास येतो. पुस्तकात तो काही मिनिटांचाच आहे. माझी आकडेमोड चुकली का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आकडेमोड बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे, त्या रेषेचा अर्थ मात्र वेगळा लावावा लागेल. शिरेतून दिलेले इन्सुलिन यकृत आणि मूत्रपिंडे काही मिनिटांत निकालात काढतात. त्वचेखालचा साठा मात्र रक्तात सावकाश उतरत राहतो, त्यामुळे उतरत्या रेषेचा वेग हा शोषणाचा असतो, निचऱ्याचा नव्हे. दोन्ही वेग एकाच आलेखातून खात्रीने वेगळे काढता येत नाहीत. शक्य असल्यास काही प्राण्यांना शिरेतून इन्सुलिन देऊन निचऱ्याचा वेग आधी ठरवून घ्या आणि मगच शोषणाचा अंक काढा.

शोषण इतके संथ का, हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. साध्या विद्राव्य इन्सुलिनच्या बाटलीत सहा-सहा रेणू जस्ताच्या आधाराने एकत्र बांधलेले असतात, आणि एवढा मोठा समूह केशवाहिनीच्या भिंतीतून सहजी जात नाही. टोचल्यावर ऊतकातील द्रवात तो विरळ होतो, आधी जोड्या आणि मग सुटे रेणू मोकळे होतात, आणि तेव्हा कुठे शोषण वेग घेते. म्हणूनच मात्रा किंवा द्रावणाची तीव्रता वाढवली की शोषण मंदावते. 'उरलेल्या साठ्याच्या प्रमाणात शोषण' हे एकाच स्थिरांकाचे समीकरण सर्व मात्रांना लागू पडणार नाही. समूहांसाठी एक आणि सुट्या रेणूंसाठी एक, असे प्रारूपात किमान दोन कप्पे (वेगवेगळे साठे) धरावेत, असे माझे मत आहे.

मधुमेही प्राणी घेण्याचे कारणही प्रारूपात उतरले पाहिजे. निरोगी उंदराचे स्वतःचे इन्सुलिन टोचलेल्या इन्सुलिनमध्ये मिसळून मोजले जाऊ शकते. प्राण्यांना मधुमेही करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोझोटोसिन या रसायनाने स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट होतात, पण सगळ्याच होतात असे नाही. म्हणून सी-पेप्टाइडही मोजावे, कारण ते शरीराच्या इन्सुलिनसोबतच तयार होते आणि इंजेक्शनमध्ये नसते.

शेवटी तापमान. त्वचा तापली की तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि शोषणही वेगवान होते. सोलापूरच्या मे महिन्यात प्राणिगृहातील शीतयंत्र बंद पडले, तर त्या दिवसाचे आकडे इतर दिवसांच्या आकड्यांत मिसळू नका; प्रत्येक नोंदीशेजारी खोलीचे तापमान आणि टोचण्याची जागा लिहून ठेवा.