सांगलीत राहून धातूंचं थर्मोडायनॅमिक्स शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

एन्ट्रॉपीच्या (म्हणजे कणांच्या अव्यवस्थेच्या मापाच्या) व्याख्या घोकत बसू नका, थेट एलिंगहॅम आकृती हाताने काढा: कोणत्या तापमानाला कोणतं मूलद्रव्य ऑक्सिजनला किती घट्ट धरतं, ते दाखवणारा आलेख, जितकी रेषा खाली तितकी पकड घट्ट. १९४४ सालची आहे, पण अजून तिला तोड नाही. बहुतेक ऑक्साइडांच्या रेषा वर चढतात, कारण वायू घनात अडकतो, एन्ट्रॉपी घटते. कार्बन मोनॉक्साइडची मात्र खाली उतरते: ऑक्सिजनच्या एका रेणूमागे वायूचे दोन होतात ना!

मग ओळख काढून कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत जा, ऑक्सिजनसाठीची हीच चढाओढ तिथे दिसेल. बिडाचा रस साधारण १४०० अंशांच्या खाली असला की ऑक्सिजन आधी सिलिकॉनला धरतो. त्याच्या बराच वर नुसता तापत ठेवला, तर कार्बन घटतो आणि भट्टीच्या सिलिका लायनिंगमधून सिलिकॉन रसात चढतं. स्पेक्ट्रोवाल्याला (यंत्रावर रसातली मूलद्रव्यं मोजणाऱ्याला) आधीचा नि नंतरचा रिपोर्ट दाखवायला सांगा. उष्णता, तापमान नि एन्ट्रॉपी जोडणारं गिब्ज समीकरण त्यानंतर वाचलं तरी चालेल.