रिटर्न लाइनकडे पण बघा: डिझेल इंजिनवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार, मी वाळपईचा. माझ्याकडे जुनी जीप आहे, रोटरी पंपवालं (नोझलना डिझेल मोजून देणारा फिरता पंप) डिझेल इंजिन. टर्बो बसवला, नोझल मोठे टाकले आणि पंपाचं डिझेल पण वाढवून घेतलं. सपाटीला गाडी मस्त ओढते पण केरीवरून चोर्ला घाट चढायला लागलो की मध्येच दम सोडते, टाकी अर्ध्याखाली असली तर हमखास. सकाळी स्टार्टर खूप मारावा लागतो. फिल्टर बदलून झाला, फरक नाही. आता गॅरेजवाले म्हणतात पंप उतरवून ओव्हरहॉल करा. टर्बोच्या कामावेळी जुना रिटर्न पाइप, म्हणजे पंपातलं उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा, गंजलेला निघाला म्हणून रिटर्न टाकीत न नेता फिल्टरच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) लावून सप्लायमध्येच जोडलाय. त्याचा काही संबंध असेल काय?

उत्तर: दादा, संबंध आहे, आणि पंप एवढ्यात उतरवू नका. त्या ओव्हरहॉलला भरपूर पैसे जातील आणि घाटात गाडी परत तिथंच बसेल.

पंप जेवढं डिझेल ओढतो तेवढं सगळं इंजिन जाळत नाही. ८० हॉर्सपॉवर पूर्ण काढली तर इंजिन तासाला साधारण १६ ते १८ लिटर जाळतं, पण पंपातून फिरतं त्याहून जास्त, आणि ते जास्तीचं डिझेलच पंपाला थंड ठेवतं, वंगण देतं आणि आत आलेली हवा बाहेर घेऊन जातं. ही हवा जायची एकच वाट, रिटर्नमधून टाकीत, आणि तुमच्या टीने तीच बंद झालीय. आता बुडबुडे पंपातून निघतात, टीपाशी येतात आणि परत फिल्टरमधून पंपात शिरतात. गरम डिझेलचं पण तेच, थंड व्हायला टाकीत जातच नाही. डिझेल ३० अंशांनी तापलं की आकारमान साधारण अडीच टक्के वाढतं, म्हणजे पंप तेवढंच माप टाकतो पण त्यात इंधन कमी. शिवाय तापलेलं डिझेल पातळ होतं आणि पंपाच्या आतल्या भागांना वंगण कमी मिळतं, मला जास्त काळजी त्याची वाटते.

पण हवा मुळात येते कुठून? टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच त्रास होतो म्हणता म्हणून माझा पहिला संशय टाकीतल्या सक्शन पाइपवर. शहाळ्यातली स्ट्रॉ वरच्या बाजूला चिरलेली असली तर पाणी खाली गेल्यावर नुसती हवाच तोंडात येते ना, तसं. पाइपला मध्ये बारीक चीर किंवा गंजाचं भोक असेल तर टाकी भरलेली असताना ते डिझेलखाली असतं, काही कळत नाही, पातळी उतरली की हवा ओढायला लागतं. चढावर फुल लोडला पंपाची ओढ वाढते, हवा पण वाढते. आणि गाडी रात्रभर उभी राहिली की त्याच वाटेने हवा शिरून लाइनमधलं डिझेल टाकीत उतरतं, म्हणून सकाळी स्टार्टर मारत बसावं लागतं. यात एक गोष्ट फसवी आहे, ओढणाऱ्या बाजूची गळती इंजिन चालू असताना बाहेर ठिबकत नाही, पाइप कोरडा दिसतो म्हणून सगळे पुढे जातात आणि पंपावर आळ येतो.

आधी फुकटातली टेस्ट करा. घाटात गाडी दम सोडेल तेव्हा सुरक्षित जागी थांबून टाकीचं झाकण उघडा, फस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुधारली तर टाकीचा हवेचा व्हेंट चोंदलाय. तसं नसेल तर टाकी अर्ध्याखाली असताना पंपाच्या आधी पारदर्शक पाइपचा तुकडा लावून गाडी उभी ठेवूनच रेस करा आणि बुडबुडे बघा. मग तोच सप्लाय एका स्वच्छ कॅनमधून द्या, रिटर्न पण कॅनमध्येच सोडा. कॅनवर बुडबुडे गेले तर दोष टाकीकडचा, पंप निर्दोष. तो पारदर्शक तुकडा टेस्ट झाल्यावर काढायचाच हं, टर्बोच्या उष्णतेजवळ तो ठेवून रस्त्यावर जायचं नाही.

दुरुस्तीत टी काढा आणि रिटर्न टाकीपर्यंत स्वतंत्र न्या, मध्ये व्हॉल्व्ह नको, कुठे दाबलेला वाकलेला नको, मूळ मापापेक्षा बारीक तर अजिबात नको. टाकीत तो सक्शनच्या तोंडावर सोडू नका, फेस तिथंच ओढला जातो. सप्लाय ८ मिमीचा असेल तर १० मिमी करा, ऐकायला २ मिमीच वाटतात पण तेवढ्याच प्रवाहाला पाइपातला अडथळा ४० टक्क्यांवर येतो. मात्र १० मिमी पाइप टाकून टोकाला बारीक भोकाचा बँजो बोल्ट (पाइप जोडायचा आतून पोकळ बोल्ट) ठेवला तर काय उपयोग. पंपावरचा रिटर्नचा बोल्ट मात्र बदलायचा नाही! बॉशच्या व्हीई जातीच्या रोटरी पंपावर त्याच्या डोक्यावर आउट (OUT) लिहिलेलं असतं, आत मुद्दाम अगदी बारीक भोक असतं, पंपाच्या आतलं प्रेशर आणि त्यावर चालणारा टायमिंगचा अॅडव्हान्स (डिझेल किती लवकर फवारायचं ते) त्याच भोकाच्या जोरावर आहे. सप्लायचा बोल्ट आणि हा दिसायला सारखे, खोलताना अदलाबदल झाली की गाडी चालत नाही आणि कारण कुणाला सापडत नाही.

इलेक्ट्रिक फीड पंप लावायचा झाला तर कमी प्रेशरचा घ्या आणि टाकीजवळ खाली बसवा, हे पंप ढकलतात चांगलं, ओढतात कमी. प्रेशर जास्त झालं तर रोटरी पंपाचं पुढचं सील सुटतं, आणि पंप गिअरवर चालणारा असेल तर डिझेल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं, डिझेलचा वास आला, तर गाडी चालवू नका.

प्रश्न: माझा ट्रॉलर मालीम जेटीला असतो. ट्रकचं इंजिन मरीन करून घेतलंय, दोन टाक्या आहेत. दुसऱ्या टाकीवर चालवलं की पहिली भरून व्हेंटमधून डिझेल बाहेर येतं. रिटर्नला कॉक लावून बंद करू का?

उत्तर: नाही, बिलकुल नाही. रिटर्न बंद केला की पंपात आणि नोझलच्या लीक-ऑफ पाइपांत (नोझलमधलं उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) प्रेशर चढतं, पाइप निसटतात आणि गरम इंजिनवर डिझेल उडतं, समुद्रात आग लागली तर पळणार कुठे. दुसऱ्या टाकीतून ओढलेलं डिझेल पहिलीत परत जातंय, एवढाच दोष आहे. सप्लाय आणि रिटर्न एकाच हँडलने एकत्र फिरतील असा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह लावा, ज्या टाकीतून ओढाल तिथंच परत. असा व्हॉल्व्ह घ्या की कुठल्याही जागेवर रिटर्न पूर्ण बंद होणार नाही. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर तो पण काढा, त्यातल्या जस्ताशी डिझेलची क्रिया होऊन गाळ बनतो, तो फिल्टरमध्ये बसतो. जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत टाकी रिकामी ठेवू नका, रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी धरतं. बंदी उठल्यावर टाकीच्या तळातून पाणी काढूनच इंजिन मारा.

प्रश्न: कॉमन रेल पिकअप आहे (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या पाइपातून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं), रिमॅप केलंय, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलीय. गाडीखालचा रिटर्नचा कूलर गंजलाय, काढून सरळ होज लावला तर चालेल?

उत्तर: नका काढू, नवीन बसवा. या इंजिनांत डिझेल १६०० बार किंवा त्याहून वर दाबलं जातं आणि लीक-ऑफमधून सुटताना चांगलंच तापतं, रिमॅपनंतर तर आणखी. जिथे होज लागेल तिथे डिझेलचाच घ्या, पाण्याचा रबरी होज फुगून सुटतो. पिएझो इंजेक्टर (विजेने फुलणाऱ्या क्रिस्टलवर चालणारे) असतील तर रिटर्नमधला प्रेशर ठेवणारा व्हॉल्व्ह अडथळा समजून काढू नका, त्याच्याशिवाय ते इंजेक्टर नीट उघडतच नाहीत. आणि इंजिन चालू असताना रेलच्या पाइपाची गळती हाताने कधीही चाचपू नका, ती बारीक धार कातडीतून आत शिरते, तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटलात जा आणि आत डिझेल शिरलंय हे डॉक्टरांना आधी सांगा.